माईकवर सांगितलेलं लडाख

"स्टॅन्झिनभाई, आजींना विचारा की, त्यांचे नवरे किती?"

शिरपूरचे कापड व्यापारी प्रमोदशेठ आमच्या ड्रायव्हरला हिंदीत म्हणाले आणि बावीस जणांचा अख्खा ग्रुप हसला. लेहपासून दोन-अडीच तासांवरच्या एका गावात, आंगमो आजींच्या स्वयंपाकघरात आम्ही जेवायला बसलो होतो. आजी चुलीपाशी उभ्या होत्या. त्यांना हिंदी जेमतेम कळायचं. सगळे हसले म्हणून त्याही हसल्या.

मीही हसलो. हे आधीच सांगून टाकतो.

मी जळगावच्या एका ट्रॅव्हल कंपनीत टूर मॅनेजर आहे. म्हणजे खोल्या वाटून द्यायच्या, कोणाचं डोकं दुखतंय, कोणाला मळमळतंय ते बघायचं. लडाखला पोचल्यावर पहिला दिवस सगळ्यांना झोपवून ठेवायचं, कारण तिथली हवा विरळ. शरीराला तिची सवय होऊ द्यावी लागते. त्याला आम्ही 'अ‍ॅक्लायमेटायझेशन' म्हणतो. आणि प्रवासात कॉमेंट्री करायची, म्हणजे बसमध्ये माईकवर त्या भागाची माहिती द्यायची.

आमच्या साहेबांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "महाजन, बसमध्ये लोक झोपले की टूर फेल. थोडा मसाला टाकत जा."

ऑफिसने इंटरनेटवरून गोळा केलेली एक फॅक्ट शीट मला दिली होती. त्यात बरंच काही चांगलं होतं. इथे पाऊस जवळजवळ नाहीच, शेती वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर चालते, ते पाणी गावात पाळीपाळीने वाटतात, वगैरे. पण यावर लोक डुलक्या घेत. मग मी शेवटच्या ओळीवर येई. पूर्वी इथे सगळ्या भावांचं मिळून एकाच बाईशी लग्न होई.

त्या सकाळी मी माईकवर म्हणालो, "इथे एकेका बाईला चार-चार नवरे! सासू एकच, पण डोकेदुखी चौपट!" बस खदखदून हसली. मग मी जोडून दिलं, "आणि अंघोळ वर्षातून दोनदा." हे तर शीटमध्येही नव्हतं.

प्रमोदशेठांनी स्वयंपाकघरात प्रश्न विचारला तो असा माझ्याकडून आलेला होता.

स्टॅन्झिन दाराशी चहाचा पेला घेऊन बसला होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. चार दिवस आमची गाडी चालवत होता. त्याने पेला खाली ठेवला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "हे मी नाही विचारणार. तुमच्या सरांना सांगा. बसमध्ये त्यांनीच सांगितलं ना?"

मी कसंबसं विचारलं, "तुम्हाला मराठी येतं?"

"नऊ वर्षं देवळालीत होतो. फौजेत. आणि ही माझी मावशी आहे."

तेव्हाच माफी मागायला हवी होती. मी म्हणालो, "अहो, मी जुन्या काळाबद्दल बोलत होतो. तसं नव्हतं म्हणायचं मला."

"सासू एकच, पण डोकेदुखी चौपट," स्टॅन्झिन म्हणाला. आवाज न चढवता. माझंच वाक्य, शब्दन् शब्द.

बावीस माणसं माझ्याकडे बघत होती. सकाळी हसलेली हीच माणसं. आता सगळे ताटात बघू लागले. प्रमोदशेठांच्या ताटाकडे माझं लक्ष गेलं. ते जैन. कंदमूळ खात नाहीत. बाकीच्यांच्या ताटात स्क्यू होतं, म्हणजे कणकेचे लहान गोळे अंगठ्याने दाबून सलगम-बटाट्याच्या रश्शात शिजवायचे. आपल्या वरणफळांची जवळची बहीण. प्रमोदशेठ आणि त्यांच्या बायकोसाठी आजींनी वेगळ्या भांड्यात फक्त मटार आणि पालक घालून ते केलं होतं. मी आदल्या दिवशी फोनवर एकदाच सांगितलं होतं.

काय चाललंय ते आजींनी विचारलं. स्टॅन्झिनने लडाखीत सांगितलं. त्याने किती सांगितलं, किती गाळलं, मला कळलं नाही. आजींनी पळी भांड्यावर आडवी ठेवली आणि बोलू लागल्या. स्टॅन्झिन मराठीत सांगत गेला.

"मावशी म्हणते, तिचा नवरा एकच होता. पण तिच्या आईला दोन होते, दोघे सख्खे भाऊ. मुलं एकाला मोठा बाबा म्हणायची, एकाला धाकटा बाबा. एक मेंढ्या घेऊन महिनोन्महिने डोंगरात असायचा, दुसरा शेत बघायचा. शेत एवढंसं. भावाभावांत वाटलं असतं तर कोणाचंच पोट भरलं नसतं. दोघांनी मुलांना कधी उपाशी ठेवलं नाही. मावशी विचारते, यात हसण्यासारखं काय आहे? तिला खरंच कळत नाहीये."

कोपऱ्यातून ग्रुपमधले शिंदखेड्याचे आबा अहिराणीत बोलले. शेतकरी माणूस, टूरभर गप्पच होते. "बाई खरं सांगी ऱ्हायनी, भाऊ. आम्हीन चार भाऊ. वावरना चार तुकडा कयात. आते कोनी कोनशी बोलत नही."

प्रमोदशेठ उठले आणि आजींसमोर हात जोडून उभे राहिले. "माफ करना, माँजी." त्यांना ते माझ्याआधी जमलं. मी त्यांच्या मागे उभा राहून हात जोडले. आजींनी आमच्याकडे बघितलं, मान हलवली आणि ताटं गार होतील अशी खूण केली. आम्ही जेवलो. मला चव आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी बस सुटण्याआधी मी माईक स्टॅन्झिनपुढे धरला. "तुम्हीच सांगा तुमच्या गावाबद्दल."

"मी गाडी चालवतो, सर. तुमचं काम तुम्ही करा."

मग मीच सांगितलं. आदल्या दिवशी काय चुकीचं बोललो, अंघोळीचं कसं पदरचं घातलं, ते सगळं. कोणी हसलं नाही. काही जण झोपले.

जळगावला परतल्यावर साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "एवढं काय त्यात? पुढच्या वेळी दुसरं घर बघ." पुढच्या सीझनला मी आधी आजींच्याच घरी फोन केला. सून म्हणाली, जूनमध्ये शेतीची कामं आहेत. मी जुलै विचारला. जुलैतही कामं होती. ऑगस्ट विचारायचं धाडस झालं नाही. स्टॅन्झिनही आमच्या गाडीवर पुन्हा आला नाही.

फॅक्ट शीटमधली ती ओळ मी काढली. नव्या टूर मॅनेजरना ट्रेनिंग देताना एवढंच सांगतो, की ज्या घरी जेवायला जायचंय, तिथे उभं राहून जे बोलता येणार नाही, ते बसमध्येही बोलायचं नाही. मुलं वहीत लिहून घेतात. हा नियम मला कुठे मिळाला, हे मात्र आजवर त्यांच्यापैकी कोणाला सांगितलेलं नाही.