मालनताईंची तोंडी परीक्षा

मालन घाडी आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात येऊ लागल्या त्या हॉस्पिटलच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर. इतिहासाच्या एम.ए.साठी त्यांनी लालबागच्या खाणावळींवर प्रबंध लिहिला होता. लिहिण्यात त्या कमी नव्हत्या, पण तोंडी परीक्षेत मागच्या खेपेला दातखीळ बसली होती. आता ही शेवटची संधी.

मी काउंटर सांभाळते. वाचनकक्षात त्या पुटपुटत वाचायच्या आणि शेजारचे माझ्याकडे तक्रारी घेऊन यायचे. वैतागून मी त्यांना वरच्या गटचर्चेच्या खोलीत धाडलं. तिथे बोलायची मुभा आहे, पण एकट्याला खोली मिळत नाही. बाई सरळ रसायनशास्त्राच्या पोरांच्या टेबलाशी जाऊन बसल्या. पोरांना वाटलं, नव्या मॅडम आल्या! त्यातल्या शंतनूने वडापाव दप्तरात कोंबला.

"लपवतोस कशाला? मी पण विद्यार्थीच. ह्या फळ्यावर काय लिहिलंय, सांग बघू."

चौकशा करण्यात मालनताईंचा हात कोणी धरणार नाही. हळूहळू पोरंही त्यांना विचारू लागली. गिरणीची पाळी बदलली की जेवणाचं काय? गावी गेलेल्याचं ताट कोणाला? मीसुद्धा काहीतरी निमित्त काढून दाराशी घुटमळायचे. खोटं कशाला बोलू, मलाही ऐकायचं असायचं.

मग रंगीत तालीम ठरली. शंतनू आणि त्याच्याच गटातली श्रेया टेबलापलीकडे परीक्षक होऊन बसले. पहिलाच प्रश्न आला आणि मालनताईंचे डोळे भरले. शब्द फुटेना. शंतनू उठून त्यांच्या शेजारी येऊन बसला.

"काकू, एक्झाम सोडा. मला खरंच नाही कळलं, तुमच्या प्रबंधातली ती खाणावळवाली बाई मुंबईत एकटी आली कशी?"

काकू जे सुरू झाल्या, ते थांबेनात.

"पण परीक्षक थोडेच शेजारी बसणार?" श्रेया म्हणाली.

परीक्षा झाल्यावर मालनताई थेट काउंटरवर आल्या.

"बोललात?" मी विचारलं.

"आधी नाय गो. मग म्हटलं, सर, समोरून विचारलंत की माझं तोंड उघडत नाय. जरा माझ्या बाजूला येऊन बसता?"

"मग?"

"आले की, खुर्ची ओढून! जेवायची वेळ टळली तरी उठायला तयार होईनात."