मंजुषाच्या दाराची आतली कडी

लग्न होऊन कुरुंद्याला आली तेव्हा मंजुषाला सगळ्यात जास्त आठवण यायची ती गप्पांची. तिचं माहेर कळमनुरीचं. वडिलांचं बांगड्यांचं दुकान, आणि दुकानाच्या मागच्याच खोल्यांत घर. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतल्या बाया यायच्या, हात पुढं करून बसायच्या, आणि बांगड्या भरता भरता कुणाच्या लेकीचं कुठं जमलं, कुणाची म्हैस व्याली, सगळं सांगून मोकळ्या व्हायच्या. मंजुषा शाळेतून आली की दप्तर फेकून त्यांच्यातच बसायची.

सासरचं घर गावाच्या कडेला होतं. नवं, स्लॅबचं, पुढं मोठा ओटा. माणसंही चांगली. पण हळदीचं शेत असलेल्या घरात दिवसा माणूस सापडत नाही. सासरे तातेराव पहाटेच बाहेर पडायचे आणि घरी असले तरी चार शब्दांच्या वर बोलायचे नाहीत. सासू द्वारकाबाई बोलक्या होत्या, पण त्यांचं सगळं बोलणं शेतातल्या बायांसोबत होऊन जायचं आणि घरी येईपर्यंत घसा बसलेला असायचा. नवरा हरीश मायाळू होता. रात्री जेवताना तो म्हणायचा, "सांग, काय चाललं दिवसभर?" आणि ती सांगायला लागली की तिसऱ्या वाक्याला त्याचे डोळे मिटायचे.

मग रुद्र झाला, त्याच्या पाठीवर ईश्वरी झाली, आणि घर आवाजानं भरून गेलं. गप्पा मात्र वाढल्या नाहीत. एकदा मंजुषानं आईला फोन करून सांगितलं, "आई, आज सकाळपासून मी नुसतं 'तोंड उघड', 'तोंड मिट', 'थुंक', 'पडशील' एवढंच बोलले. दुसरा एक शब्द न्हाई." आई हसली आणि म्हणाली, तू लहान असताना माझंही तेच होतं, फक्त तेव्हा फोन नव्हता.

रुद्र चार वर्षांचा आणि ईश्वरी दीड. ईश्वरीला घरातली कुठलीही वस्तू दुसऱ्या वस्तूत टाकायची हौस. कणकेच्या डब्यात चप्पल, चपलेत बटाटा, पाण्याच्या घागरीत आजोबांची टोपी. मंजुषा न्हाणीत गेली की दाराखालच्या फटीतून तिची चार बोटं आत यायची आणि हलत राहायची. रुद्रचं वेड वेगळं होतं. तो एसटीचा ड्रायव्हर होता. मामाच्या गावाला जाताना एकदा त्याला पुढच्या सीटवर बसायला मिळालं होतं, तेव्हापासून तो ओट्यावरून न्हाणीत जायचा तरी गाडी सुरू करून, गिअर टाकून, हॉर्न वाजवत जायचा. जेवायला बोलावलं तर म्हणायचा, "गाडी अजून वसमतला पोचली न्हाई." मंजुषानं यातून मार्ग काढला होता. ती ताट घेऊन बसायची आणि हाक मारायची, "वसमत, वसमत! ज्यांना जेवायचं ते उतरून घ्या." तो लगेच उतरायचा.

त्या दिवशी फाल्गुन चालू होता. हळद काढून झाली होती आणि शेतात शिजवायचं काम जोरात होतं. बॉयलरपाशी हरीश आणि द्वारकाबाई, सोबत गल्लीतल्या निम्म्या बाया. घरी मंजुषा आणि लेकरं. तिनं बारीक गॅसवर दूध ठेवलं, धुण्याची बादली उचलली आणि ओट्यापुढच्या तारेवर कपडे टाकायला बाहेर आली. रुद्र दारातच गाडी चालवत होता. प्रवासी भरले, गाडी निघायची वेळ झाली, आणि कुठलाही शहाणा ड्रायव्हर करील तेच त्यानं केलं. दार लावलं. नुसतं लावलं नाही, मधली कडीही सरकवली आणि तिचा दांडा खाली पाडला.

मंजुषानं आवाज ऐकला तेव्हा तिच्या हातात हरीशचा ओला सदरा होता. तिनं दार ढकललं. हललं नाही.

"रुद्र, दार उघड बाळा."

आतून खडखड झाली. पुन्हा खडखड. मग रुद्रचा आवाज आला, "निघून न्हाई राहिलं."

मागचं दार आतून वरच्या कडीनं बंद होतं, तिथं त्याचा हात पोचणार नव्हता. ओट्यावरच्या खिडकीला गज होते. मंजुषानं खिडकीत तोंड घातलं. रुद्र दोन्ही हातांनी कडी ओढत होता. ईश्वरी खोलीच्या मधोमध उभी होती, आणि स्वयंपाकघरात दुधाच्या भांड्याखाली निळा जाळ दिसत होता. ईश्वरीनंही तिकडंच पाहिलं आणि तिकडंच निघाली.

गॅस बंद कर असं रुद्रला सांगावं, हे तिच्या जिभेवर आलं होतं. पण गॅसला हात लावायचा नाही हे तिनंच त्याला महिनोन्महिने शिकवलं होतं, आणि तो स्टुलावर चढून काय फिरवेल याचा भरवसा नव्हता. तिनं ते गिळलं.

"रुद्र, कडी सोड. आधी ईशूचा हात धर. तिला माझ्यापाशी आण, खिडकीकडं."

त्यानं आणलं. ईश्वरी गजाला धरून उभी राहिली. मंजुषानं गजांतून हात घालून तिचा फ्रॉक मागून मुठीत धरला. आता एक लेकरू तरी हातात होतं.

तेवढ्यात शेजारच्या चांगुणाबाई आल्या. त्यांचं वय झालेलं, शेतात जाणं सुटलेलं, त्यामुळं गल्लीतली कुठलीही गोष्ट त्यांना आधी कळायची. त्यांनी एकदा आत पाहिलं आणि ओरडायला सुरुवात केली. "अगं माय, दूध उतू चाललं! लेकरं कोंडली! काहून बाहेर आलीस गं तू?" त्यांच्या आवाजानं मिराबाई आली, कडेवर स्वतःचं पोरगं घेऊन. मागून आणखी दोघीतिघी. कुणी म्हणालं खिडकीचे गज कापा, कुणी म्हणालं वरून स्लॅबवर जा. स्लॅबवर जाऊन करायचं काय, हे कुणी सांगितलं नाही. एकीनं हरीशला फोन लावला, वाजत राहिला. बॉयलरच्या आवाजात त्याला तो ऐकू जाणं शक्य नव्हतं.

मग तातेराव आले. ते गावात खताच्या दुकानात होते, तिथं त्यांना कुणीतरी सांगितलं. ते धोतर सावरत, धापा टाकत आले, गोठ्यातून पहार घेतली आणि काही न विचारता दाराला घातली. घराला हादरा बसल्यासारखा आवाज झाला. आत रुद्रनं किंकाळी फोडली आणि पळत जाऊन पलंगाखाली शिरला. ईश्वरीनं भोकाड पसरलं. चांगुणाबाईंनीही.

तातेरावांनी दुसऱ्यांदा पहार उचलली.

"मामा, थांबा."

मंजुषा सासऱ्यांना मामा म्हणायची, पण म्हणायची म्हणजे फक्त द्वारकाबाईंशी बोलताना. "मामा जेवले का", "मामा आले का", एवढंच. त्यांच्या तोंडावर तिनं पाच वर्षांत क्वचितच शब्द काढला होता. तातेरावांचा हात वरच राहिला.

"पहार खाली ठेवा. तो भ्याला की दाराजवळ येणार न्हाई. आणि काकू, तुमी सगळ्या गप बसा बरं जरा. माझ्या लेकराला माझा आवाज ऐकू येऊन न्हाई राहिला."

ओटा गप्प झाला. तातेरावांनी पहार भिंतीला टेकवली आणि ते पायरीवर बसले. आतून दूध करपल्याचा वास येत होता. मंजुषाचा एक हात ईश्वरीच्या फ्रॉकवर होता, पण आवाज तिनं अगदी रोजचा काढला. ताट वाढल्यावर काढायची तोच.

"ड्रायव्हर कुठं गेले? वसमतचे प्रवासी थांबलेत."

पलंगाखालून फक्त हुंदके आले.

"मिराबाईंना दवाखान्यात जायचंय. चांगुणाकाकूला लेकीकडं जायचंय. आजोबा तं कधीचे बसलेत पायरीवर. गाडी का निघून न्हाई राहिली?"

"आजोबा गाडी फोडून राहिले," पलंगाखालून आवाज आला.

मंजुषानं तातेरावांकडं पाहिलं. तातेराव खाकरले. गावात त्यांच्या आवाजाला मान होता, पण असल्या कामाला तो कधी लागला नव्हता. "न्हाई फोडत," ते म्हणाले. "मी... मी बसलोय. वसमतला जायचंय मला."

पलंगाखालून आधी पाय आले, मग रुद्र आला. डोळे पुसत दारापाशी गेला आणि पुन्हा कडी ओढायला लागला.

"असं न्हाई बाळा. तू सरळ ओढून राहिलास. गिअर सरळ ओढल्यावर पडतो का? ड्रायव्हरकाकांनी कसा टाकला होता, आठव. आधी दांडा वर उचल. वर. आकाशाकडं. आता मागं."

दांडा वर गेला आणि हातातून सुटून खाली पडला. पुन्हा वर, पुन्हा खाली. मिराबाई काहीतरी बोलायला गेली, तर चांगुणाबाईंनीच तिच्या तोंडावर हात ठेवला.

"घाई न्हाई. घाट चढायचाय, हळूहळू टाक. वर. धरून ठेव. दुसऱ्या हातानं मागं."

कडी करकरली आणि सरकली. रुद्रनं दार उघडलं नाही, मागं सरकून उभा राहिला आणि म्हणाला, "उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या."

कुणी उतरायची वाट कुणी पाहिली नाही. मिराबाई आत पळाली आणि तिनं गॅस बंद केला. भांडं तळापासून काळं पडलं होतं, आणि दूध म्हणावं असं त्यात काही उरलं नव्हतं. मंजुषा दारातच खाली बसली. दोन्ही लेकरं तिच्या मांडीवर चढली तेव्हा कुठं तिला रडू आलं, आणि ते रुद्रला दिसू नये म्हणून तिनं त्याच्या केसांत तोंड लपवलं.

तातेरावांनी पहार गोठ्यात नेऊन ठेवली, माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि सुनेच्या पुढं ठेवलं. "पी," म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "बराबर केलंस. मला सुचलं नसतं."

संध्याकाळी द्वारकाबाई शेतातून येईपर्यंत ही गोष्ट त्यांना वाटेत चार जणींनी चार तऱ्हांनी सांगितली होती. एकीच्या सांगण्यात घर पेटलं होतं. त्या तशाच, हळदीनं पिवळे झालेले हात घेऊन आत आल्या, नातवंडांना चाचपून पाहिलं आणि मंजुषाला म्हणाल्या, "सासऱ्याला थांब म्हणालीस म्हणे?"

"व्हय आत्या. तोंडातून निघून गेलं."

"मी तीस वरसं म्हणून राहिले. माझं एकदा ऐकलं न्हाई." आणि त्या हसत सुटल्या.

दुसऱ्याच दिवशी जळबा सुतार आला आणि मधली कडी काढून दाराच्या पार वरच्या अंगाला ठोकून गेला. रुद्रनं त्याला गिअर का काढून नेला म्हणून जाब विचारला. जळबानं एक मोडका लाकडी दांडा त्याला तासून दिला, तेव्हा भांडण मिटलं.

त्याच आठवड्यात मिराबाई सकाळी दारात आली. हळदीच्या कामाला जायचं तर पोरगं पाठीवर बांधून न्यावं लागत होतं, आणि बॉयलरजवळ लहान लेकरू म्हणजे जिवाला घोर. "तुझ्याकडं राहील का गं दुपारपर्यंत? तू कशी बोललीस त्या दिवशी, मी पाहिलं. माझं ऐकत न्हाई, तुझं ऐकंल." मंजुषा हो म्हणाली. त्यानंतर आणखी एकीनं विचारलं. मग चांगुणाबाईंची नात आली, आणि नातीमागं खुद्द चांगुणाबाई.

द्वारकाबाईंना हे आवडलं नाही. "आपली दोन सांभाळता सांभाळता तुला तकलीफ होऊन राहिली, त्यात गावची कशाला?"

"आत्या, दोन असली तं दोघं मला खातात. जास्ती असली तं एकमेकांना खातात. मला जरा मोकळं होतं."

हे खरंच होतं. ओट्यावर सकाळी आपापल्या डब्यांसह लेकरं जमायची. ईश्वरीला वस्तू टाकायला नवीन वस्तू मिळाल्या. डबे कुणाचे कुणाला जायचे, आणि मिराबाईच्या पोरानं घरी कधी न खाल्लेली मेथीची भाजी इथं दुसऱ्याच्या डब्यातून खाल्ली. न्यायला येणाऱ्या बाया लगेच उठायच्या नाहीत. पाणी प्यायच्या, पाय लांब करायच्या, कुणाची मजुरी वाढली, कुणाच्या सुनेला दिवस गेले, ते सांगत बसायच्या. मंजुषा लेकरांचे हातपाय धुता धुता मधेच प्रश्न विचारायची आणि तिचे प्रश्न असे असायचे की सांगणारीला आणखी सांगावंसं वाटायचं. हरीश एकदा लवकर आला तर त्याला स्वतःच्या ओट्यावर चढायला जागा नव्हती. तो सायकलीवरूनच एक पाय जमिनीला टेकवून ऐकत राहिला. रात्री तो न झोपता म्हणाला, "त्या सुनेचं पुढं काय झालं?"

महिन्याच्या शेवटी एके सकाळी द्वारकाबाई शेतात निघाल्याच नाहीत. म्हणाल्या, गुडघा दुखून राहिला. मग गुडघा दुखत असलेल्या त्या बाई दिवसभर सहा लेकरांमागं ओट्यावर फिरल्या, त्यांना भुईमुगाच्या शेंगा सोलून दिल्या, आणि वाघाची गोष्ट सांगताना स्वतःच वाघ झाल्या.

दुपारी सगळी पोरं घोंगडीवर आडवीतिडवी झोपली. द्वारकाबाईही त्यांच्यातच, एक हात ईश्वरीच्या पोटावर टाकून. मंजुषानं चहा केला, खांबाला पाठ टेकून बसली. समोरच्या अंगणात वाळत घातलेल्या हळदीवरून वारा येत होता. तिनं पहिला घोट घेतला. घोंगडीवर मिराबाईचं पोरगं उठून बसलं, इकडंतिकडं पाहिलं आणि मोठ्यानं सांगितलं की त्याला शी लागली आहे.

"चला," मंजुषा म्हणाली, आणि कप तसाच कठड्यावर ठेवून उठली.