बंद स्पीकरचं गाणं

माझी बायको हौसा टेपवरच्या बाईबरोबर कधीच गात नसे. ती बाई गप्प झाली, नुसता ढोल चालू राहिला, की ही माळ ओवता ओवता गायला लागायची. बाईनं पुन्हा तोंड उघडलं की ही गप्प. मखमलाबादला आमचा झेंडूचा मळा. दुपारी ओसरीवर बसून पंचवटीतल्या दुकानांसाठी ती माळा करायची आणि हे असं चालायचं.

कॅसेट पोराची, सुनीलची. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा त्यानं मुंबईहून आणली. अमेरिकेतल्या कुणा काळ्या पोरीचा पहिलाच अल्बम. असल्या गाण्याला निओ-सोल म्हणतात, असं त्यानं सांगितलं. मला तो ढोलवाला मळ्यातून दमून घरी येणाऱ्या माणसासारखा वाटे, प्रत्येक पाऊल जरा उशिरा टाकणारा. पोरगं नोकरीला पुण्याला गेलं, कॅसेट राहिली. टेप जुन्या बाजारातला. घेतला तेव्हाच त्याचा उजवा स्पीकर मेलेला होता.

सुनील सुट्टीला आला की आईला चिडवायचा. "आई, इंग्रजी हाय ते. तुला काय कळतंय?"

"पुजाऱ्याचं संस्कृत तुला कळतं व्हय? हात तर जोडतो ना?"

"पण रोज तेच? कंटाळा नाय येत?"

"ह्या बाईला घाई नाय बघ. घाईचं गाणं लवकर शिळं होतं."

मी मात्र म्हणायचो, "तिला दम खाऊ दे की. मधेच कशाला तोंड घालतेस?"

"मी कुठं घालते? तिथं दुसरी गाते. तिच्या मागं मी म्हणते."

"कोण दुसरी?"

"तुम्हाला नाय ऐकू येत?" असं विचारून ती अशी बघायची की मी गाईला पाणी पाजायला निघून जायचो.

वर्षं गेली. बाकीच्या कॅसेटी भंगारात गेल्या, ही वाजत राहिली. आधी हसणाऱ्या शेजारणीही येऊन बसायला लागल्या.

मग काविळीनं हौसाला धरलं. दवाखान्यात टेप नव्हता, तरी ती गुणगुणायची. थोडं गायची, थांबायची, मान कलती करून ऐकायची, पुन्हा गायची.

"थांबतेस कशाला?" मी विचारलं.

"तिचं होऊ द्या की."

हे तिचं शेवटचं धड बोलणं.

तेराव्यानंतर सुनीलनं नवा सीडी प्लेयर आणला आणि त्याच अल्बमची सीडी. "अजून खपते, बाबा. आमच्या ऑफिसातली नवी पोरंपण हीच ऐकतात." दोन बाजूंना दोन स्पीकर ठेवून त्यानं लावली. बाई गप्प झाली आणि उजव्या स्पीकरातून हौसाची चाल आली. तेच चढणं, तेच उतरणं, शेवटी तोच लांबवलेला हुंकार. मी उठून स्वयंपाकघरात बघून आलो.

"त्याच बाईनं दुसऱ्यांदा गाऊन वर लावलंय," सुनील म्हणाला. "आपल्या टेपवर अर्धंच वाजायचं."

"मग तुझ्या आईला कसं ऐकू आलं?"

त्यानं सीडीची डबी उलटसुलट करून बघितली. "बारीक येत असेल."

मी जुना टेप काढला. जाळीला कान लावून दोन्ही बाजू ऐकल्या. ढोल हाय, पहिली बाई हाय. दुसरी नाय.

मी चौथी शिकलेला माणूस. ते तिला कुठून ऐकू आलं, मला सांगता यायचं नाही. सुनील पुण्याला गेला की मी डाव्या स्पीकरची वायर काढतो. पहिली बाई जाते, दुसरी उरते. थोडं गाते, थांबते, दवाखान्यात हौसा थांबायची तशीच. त्या थांबण्यात मी बोलून घेतो. झेंडूचा भाव पडला. विहिरीची मोटर जळली. तुझा मोगरा फुललाय. माझं झालं की ती गाते. सीडी आहे, ठरल्या वेळी गाणारच, एवढं मलाही कळतं.

परवा मात्र माझं बोलणं लांबलं. ती थांबून राहिली.