आकाशातली पाल

माझ्या कामाचं नाव सांगणं हीच एक कटकट होती. सोलर सेल म्हटलं की लोकांना छतावरचं पॅनल दिसायचं. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, लातूरला कापडाचं दुकान. त्यांच्या लेखी सेल म्हणजे आषाढातला सेल. हा सेल म्हणजे जहाजाचं शीड; शब्द बरोबर, पण मराठवाड्यात समुद्र कुठून आणू? मी नांदेडला, विष्णुपुरीकडं राहून इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवायचे. तिथले माझ्या संशोधनाचे गाइड, हिंदी बोलणारे सर, त्याला ‘पाल’ म्हणायचे. तोच शब्द तोंडी बसला, आणि त्यानंच घात केला.

बेंगळुरूला संशोधनाची जागा मिळाली होती. पोरगी नुकतीच पहिलीत गेलेली, नवऱ्याची फिरतीची नोकरी. आई-अप्पांनी पोरीला ठेवून घेतलं तरच मला जाता येणार होतं. ते विचारायला एका रविवारी लातूरला गेले.

अप्पा शिवपूजा आटोपून, कपाळावर विभूती लावून चहाला बसले होते.

“करून काय राहिलीस तू नेमकं?” त्यांनी विचारलं.

“असा उपग्रह, अप्पा, जो पृथ्वीभोवती फिरत नाही. त्याला मोठी पाल लावायची...”

आईनं आधी ट्यूबलाइटमागं पाहिलं. “अगं माय! पाल? वर आभाळात?”

दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मला रडू यायच्या बेतात होतं. एवढी वर्षं गणितं सोडवून मी घरात चुकचुकणाऱ्या पालीवर येऊन थांबले होते.

“ती पाल नव्हं!” मी ओरडलेच. “आठवडी बाजारात पालं ठोकतात, तसली. कापडाची. चार बाजूंनी ताणलेली!”

अप्पांचं हसू थांबलं. कापड म्हटल्यावर ते सरसावून बसले. “वारा न्हाई तिथं. मग फुगतंय कशानं?”

“उजेडानं. उजेड ढकलतो, अगदी थोडं, पण सारखं.”

“कापड लई हलकं पाहिजे मग.”

“तीच तर अडचण आहे. तेवढं हलकं अजून जमलं नाही. हा उपग्रह अजून कुणी सोडलेलाच नाही.”

हे मी सांगायला नको होतं, पण खोटं बोलता येईना. मी टेबलावर पेढा ठेवला, तो पृथ्वी. वर रुमाल धरला. पृथ्वी ओढते, उजेड ढकलतो, दोन्ही जोर सारखे झाले की पाल ध्रुवाच्या वर टांगून राहते. बाकीचे उपग्रह पडू नयेत म्हणून फिरत असतात, हिला फिरावं लागत नाही. अप्पांनी रुमाल हातात घेतला, तिरका करून पाहिला, दोन-तीन चांगले प्रश्न विचारले. माझ्या घरच्या माणसाला माझं काम पहिल्यांदा कळत होतं. मी हरखून गेले होते.

“म्हंजे,” ते म्हणाले, “एक वस्तू एका जाग्यावर कशी थांबवायची, हे शिकायला तू बेंगळुरूला जाणार.”

“हाव!”

“मग तूच थांब की, बाई. हितं एवढे क्लास हायेत, फिजिक्सला माणूस मिळंना. पोरगीबी तुझ्याजवळच राहील.”

“अप्पा, थांबायला पण जोर लागतो. उजेड लागतो.”

“तेवढा उजेड लातुरातबी पाडता येतोय.”

आई पुन्हा हसली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, “पोरीला आई लागती बाई. आम्ही म्हातारी माणसं.” विषय संपला. अप्पा रुमालाची घडी घालून खूश होऊन दुकानात गेले. त्यांच्या मते त्यांना सगळं समजलं होतं, आणि ते खरंच समजलं होतं. मला राग आला तो त्याचाच. त्यांना काही कळलं नसतं तर, लेक कायतरी मोठं करून राहिली म्हणून, त्यांनी मला खुशाल जाऊ दिलं असतं.

बेंगळुरूची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. आता मी लातूरलाच क्लासमध्ये शिकवते. मागच्या आठवड्यात उजेडाचा दाब शिकवताना राहवलं नाही. फळ्यावर पृथ्वी काढली, वर ती ताणलेली पाल काढली, ओढ आणि ढकल यांचे बाण काढले. पुढच्या बाकावरची एक मुलगी भराभर आकृती उतरवून घेत होती. तिनं मान वर केली.

“मॅडम, हे पेपरला येतं का?”

“नाही,” मी म्हणाले.

तिनं पेन खाली ठेवलं.