वरच्या सहा ओळी

त्यांना सगळे आंबटकाका म्हणतात, तोंडावरही म्हणतात. डोंगरउतारावरच्या एका लहानशा वाइनरीत गेली एकतीस वर्षं ते पांढरी वाइन जुळवतात. म्हणजे तीन जातींच्या द्राक्षांच्या तीन टाक्या असतात, त्यांतली कुठली किती घ्यायची हे ठरवतात. खालच्या, उन्हाच्या अंगाला असलेल्या द्राक्षाला वास आहे. मधल्या सपाटीवरच्याला भरीवपणा आहे. सर्वांत वर, थंड बाजूला, सहा ओळी आहेत. त्यांना फक्त आंबटपणा आहे. तिथे ऊन उभ्याउभ्या येतं आणि न टेकता निघून जातं.

त्या सहा ओळी काकांनी स्वतः लावल्या, लग्नाच्या वर्षी. काकूंच्या मते त्या वर्षी काकांनी दोन चुका केल्या आणि दोन्ही अजून मूळ धरून आहेत.

काकू त्याच वाइनरीत बाटल्यांना लेबलं लावतात. नवरा सोडला तर आपल्या हातून काहीही वाकडं लागलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. वाइन जुळवायचा आठवडा आला की घरात सुगंधी साबण बंद, कांदा परतणं बंद, डोक्याला तेलही बिनवासाचं. "सुतक बरं," काकू म्हणतात, "त्यात निदान लोक भेटायला तरी येतात."

काकांची एक खोड सगळ्या वाइनरीला ठाऊक आहे. टाकीतून काढलेली नमुन्याची बाटली ते आधी दहा मिनिटं बगलेत धरून बसतात. थंडगार वाइन खरं बोलत नाही, असा त्यांचा सिद्धांत. डोळे मिटून, एक खांदा वर करून बसलेला हा माणूस पाहून नवीन कामगाराला वाटतं, काकांना ताप आलाय.

यंदा मालकांनी कारभार मुलीकडे सोपवला. धाकट्या बाई शिकून आल्या आहेत, हुशार आहेत, आणि वाईट म्हणजे चांगल्या स्वभावाच्या आहेत. भांडताही येत नाही. त्यांनी सहा ओळींचा हिशोब मांडला: पीक निम्मं, पिकायला तीन आठवडे उशीर. सोमवारी ट्रॅक्टर येऊन ओळी उपटणार होता.

"त्या गेल्या तर वाइनला कणा राहणार नाही, बाई," काका म्हणाले.

"कणा म्हणता की हट्ट म्हणता, काका?"

"चाखून बघू."

"बघू. पण बगलेत नाही."

शुक्रवारी सकाळी चाचणीच्या खोलीत तीन ग्लास मांडले गेले. एकात वरच्या ओळींची वाइन नेहमीइतकी, एकात निम्मी, एकात अजिबात नाही. कुठल्या ग्लासात काय, हे फक्त काकूंना माहीत. त्यांनी ग्लासांच्या दांड्यांना लाल, निळी आणि पिवळी लोकर बांधली होती. काका म्हणाले होते की एक चमचा आंबट असला तरी आपण ओळखू. हे ते गेली एकतीस वर्षं म्हणत होते, आणि आजवर कुणी विचारलं नव्हतं.

त्यांनी तिन्ही चाखले, बादलीत थुंकले, पुन्हा चाखले. खिडकीबाहेर बघितलं. मग पिवळ्यावर बोट ठेवलं. "हा. हा उत्तम."

काकूंनी लोकरीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं नाही.

पिवळ्यात वरच्या ओळींचा थेंबही नव्हता.

काका खुर्चीवर बसले. वाइन थंड होती, असं ते म्हणू शकले असते. त्यांनी पुन्हा एकदा पिवळा ग्लास तोंडाला लावला. "चांगलाच आहे," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू. आज चांगलाच आहे."

"आज," काकू म्हणाल्या.

"म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"सहा वर्षांपूर्वी गारा पडल्या होत्या, वरच्याच अंगाला. सहाही ओळी झोडपल्या गेल्या. त्या वर्षी यांनी दोनच टाक्यांची वाइन केली, आठवतं? लोकांनी बोटं चाटली. आम्हाला बाटल्यांचं एक खोकं मिळालं, ते घरी आहे."

"अजून आहे?"

"झाडांना घालते. झाडंही फार खूश नाहीत."

काकू घरी जाऊन दोन बाटल्या घेऊन आल्या. एक गारांच्या वर्षाची, एक त्याच्याही आधीच्या वर्षाची. गारांच्या वर्षाची वाइन ग्लासात पडली ती तपकिरी, मळकट रंगाची. चव अशी की कुणीतरी फळ आठवायचा प्रयत्न करतंय आणि नाव सुचत नाही. तिच्याहून जुनी वाइन मात्र लख्ख होती. जिभेच्या कडेला तिने टोचलं, आणि मग सगळं एकेक करून उमललं.

बाई बराच वेळ तो दुसरा ग्लास हातात धरून होत्या. "म्हणजे वाइन टिकते ती आंबटामुळे. हे मला आधी का नाही सांगितलंत, काका?"

"मलाच कुठे आठवत होतं? मला फक्त आंबट आठवतं."

बाईंनी ट्रॅक्टरवाल्याला फोन केला. मग म्हणाल्या, "चार ठेवू. दोन काढू. पिवळ्यालाही काहीतरी मान द्यायला हवा. कुठल्या दोन, ते तुम्ही ठरवा."

"दोन गेल्या तर गेल्या," काकू म्हणाल्या. एकतीस वर्षं आंबट चाखून काकांचे पुढचे दोन दात झिजून गेले होते, त्यांच्याकडे बघत त्या पुढे म्हणाल्या, "तोंडातले दोनही गेलेच की. खाताय ना अजून?"

दुपारी काका लाल आणि निळी लोकर घेऊन वर गेले. ज्या ओळी जायच्या त्यांच्या पहिल्या खांबाला लोकर बांधायची होती. खालून काकूंना ते दिसत होते: एका ओळीत शिरायचे, दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचे, पुन्हा पहिल्या ओळीशी यायचे. सहा ओळींना त्यांनी तीन तास लावले.

खाली आले तेव्हा हातात निळी लोकर तशीच होती.

"एकच बांधली?"

"दुसरी उद्या."

"उद्या शनिवार. परवा रविवार."

"सोमवारपर्यंत वेळ आहे," काका म्हणाले, आणि लोकर त्यांनी बगलेत धरली.