कोळ्याची दीडशे पिल्लं आणि तळेगावचा शेकडा

तळेगावला लोक संत्री खायला जातात. मी गेलो होतो कोळ्याची पिल्लं मोजायला. हसा. तेव्हाही सगळे हसलेच होते.

एक्क्याऐंशी साल. वर्ध्याच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायला लागून जेमतेम वर्ष झालं होतं, म्हणजे येत काही नव्हतं आणि आव मात्र भारी होता. वर्गात टॅरंटुला चालू होता. मी ठोकून दिलं, की या कोळ्यांच्या प्रजातींमध्ये पिल्लांच्या बाबतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. काही माद्या पन्नास-साठावर थांबतात, तर दक्षिण अमेरिकेतल्या काही एका खेपेला हजाराच्या वर जातात. इथवर पुस्तकात होतं. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "आणि आपल्या इकडचे, सर?" मी बेधडक म्हणालो, "दीडशेच्या वर!"

दारात विभागप्रमुख उभे होते. आम्ही त्यांना मोठे सर म्हणायचो. उंचीने ते माझ्या खांद्याला लागायचे, तो भाग वेगळा.

"कुठे वाचलंत?" त्यांनी विचारलं.

कुठेच वाचलं नव्हतं! मी खडू चोळत राहिलो.

"मग मोजून आणा," मोठे सर अख्ख्या वर्गासमोर म्हणाले. "दीडशेच्या वर एक जरी निघालं, तर मी इथे उभा राहून चूक कबूल करीन. नाही निघालं, तर तुम्ही कराल."

झालं. नव्या मास्तरची अब्रू एका कोळ्याच्या पोटात जाऊन बसली.

नशिबाने माझ्या बायकोचे, मालतीचे, मामा तळेगावचे. (श्यामजी पंताचं तळेगाव, आष्टी तालुक्यातलं. नुसतं तळेगाव म्हणाल तर कंडक्टर पुण्याकडचं समजून तुमच्याकडे कीव करून बघेल.) मामाजींची संत्र्याची बाग होती आणि बागेच्या बांधात असे हातभर खोल बिळातले कोळी आहेत, हे मालतीचं लहानपणीच किंचाळून सांगून झालं होतं. शनिवारी सकाळची एसटी धरली. वर्ध्याहून आर्वी, आर्वीला गाडी बदलून तळेगाव. रस्ता असा, की आर्वी येईपर्यंत माझा डबा आपोआप कालवला गेला होता. स्टँडवर दोन आलूबोंडे आणि चहा घेतला, रुपयात भागलं. वरची तिखटजाळ तर्री मात्र जपून घ्या. मी जपलो नाही आणि पुढचा प्रवास उभ्याने केला.

मामाजींनी जावयाचं स्वागत दणक्यात केलं. वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा, वर तुपाची वाटी. येण्याचं कारण सांगितल्यावर मात्र त्यांचा घास हातातच राहिला.

"बाप्पा! कोळ्याचे पिल्लं? काऊन जी जवाईबापू, कॉलेजात पगार देत नाई का तुमाले?"

"देतात. पण इज्जत गेलीय, ती आणायची आहे."

"तं सोमीबाईले विचारू. बागेतलं सारं तिले माहीत राह्यते."

सोमीबाई मामाजींच्या बागेत संत्री मोजायची. आंबिया बहाराची तोड चालू होती. बाई समोर ढीग घेऊन बसायची. एका हातात दोन, दुसऱ्या हातात तीन, अशी एका झटक्यात पाच फळं टोपलीत टाकायची; हा तिचा एक "हात". पहिल्या खेपेला "एक" म्हणायचं नाही, "लाभ" म्हणायचं, मग पुढे आपल्या गोंडी बोलीत गुणगुणत मोजायचं आणि शेकडा भरला की मोठ्याने हाक द्यायची. हाक ऐकली की मामाजी भिंतीवर कोळशाची रेघ ओढायचे. व्यापारी शेजारी बिडी ओढत बसलेला असायचा. सोमीबाईने मोजलं म्हणजे विषय संपला.

माझं म्हणणं तिने ऐकून घेतलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मामाजींना म्हणाली, "जवाई चांगला हाये ना? डोक्यानं?"

मग एक अट घातली. "ते लेकुरवाळी हाये. मोजून झालं का पिल्लं तिचे तिले देजो. ऊन चढायच्या आत. नाई तं मी हातच नाई लावत."

मी वचन दिलं. रविवारी भल्या सकाळी बांधावर गेलो. सोमीबाईने काडीने बिळाच्या तोंडाचं जाळं बाजूला केलं आणि खुरपीने हळूहळू माती उकरली. मादी बाहेर आली, आणि अहाहा! तळहाताएवढी, केसाळ, पुढचे पाय उगारून आमच्यावर धावायच्या तयारीत! चार वर्षं मी हिच्यावर परीक्षा दिल्या होत्या, आणि आता मी सोमीबाईच्या मागे लपलो होतो. सोमीबाईने तिच्यावर शांतपणे मडकं उपडं घातलं.

"धरून ठेव. उचलू नको."

आत बिळात रेशमी पिशवी नुकतीच फुटलेली. पिल्लं पांढुरकी, ज्वारीच्या दाण्याएवढी, अजून धड चालताही येत नव्हतं. सोमीबाईने ती परातीत घेतली आणि कोंबडीच्या पिसाने पाच-पाच करून दुसऱ्या परातीत सारायला लागली. "लाभ..." आणि मग तिचं गुणगुणणं. मी एका हाताने मडकं दाबून धरलेलं, दुसऱ्या हातात वही, आणि जीव सगळा मडक्यात. आतून खरखर ऐकू यायची. परातीकडे माझं लक्ष नव्हतं, हे आज कबूल करतो.

"शेकडा!" सोमीबाईने हाक दिली. मी शंभर लिहिले. पुन्हा पीस फिरायला लागलं. मामाजीही वाकून बघायला लागले.

"आनि नऊ हात. आनि हे दोन सुटे."

शंभर, पंचेचाळीस आणि दोन. एकशे सत्तेचाळीस.

चार पिल्लांनी घात केला! मला रडूच यायचं बाकी होतं. "सोमीबाई, एकदा परत मोजा ना."

ती उठून उभीच राहिली. "वीस वर्षं झाले, मोजून राह्यली मी. व्यापाऱ्यानं बी कधी परत मोज म्हटलं नाई. अन् ऊन पाह्य कुठी आलं."

वचन ते वचन. तिने पिल्लं बिळात ठेवली आणि मादी मडक्यातून सुटून आत गेली. मी एसटीने परत आलो. येताना काय खाल्लं, विचारू नका, आठवत नाही.

सोमवारी वर्गात उभा राहिलो. "एकशे सत्तेचाळीस. मी न मोजता बोललो, चूक माझी." पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्या माझ्या बाजूने होत्या की विरुद्ध, हे आजवर कळलेलं नाही. मोठे सर नुसते मान डोलावून गेले. कान इतके तापले होते की त्यावर पापड भाजला असता.

पुढच्या रविवारी मामाजींनी कंडक्टरच्या हाती संत्र्यांचं पोतं पाठवलं, चिठ्ठीसकट: "जवाईबापूसाठी एक शेकडा." शेजारी वाटायची म्हणून मालती मोजायला बसली.

"एकशे पाच," ती म्हणाली.

"पाच जास्त कशी?"

"जास्त काऊन? मामाच्या बागेत शेकडा एकशे पाचचाच राह्यते. वरचा एक हात सडक्या-गळक्याचा. तुमाले माहीत नाई?"

मी जागच्या जागी बसलो. मग उठलो आणि मामाजींना कार्ड टाकलं: सोमीबाईने पिल्लं कशी मोजली, विचारून कळवा. आठवड्याने उत्तर आलं. "सोमीबाई म्हणते, संत्र्यापेक्षा पिल्लं नाजूक. वरचा हात धरलाच पायजे. शेकडा म्हणजे शेकडा."

एकशे बावन्न!

कार्ड आणि शेकड्यावरची पाच संत्री पिशवीत टाकून मी मोठ्या सरांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं आणि पाची संत्री त्यांच्यापुढे टेबलावर मांडली. त्यांनी कार्ड दोनदा वाचलं. चष्मा काढला. मग एक संत्रं उचलून शांतपणे सोललं आणि फोडी तोंडात टाकत राहिले. मला वाटलं, आता बिया मोजायला लावतात.

आता कोणाला जायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा. रस्ते सुधारलेत, तर्री सुधारलेली नाही. बिळं दिसली तर लांबून बघा, उकरू नका, ती अट अजून लागू आहे असं समजा. सोमीबाई आता नाही. वर्ध्याला लागूनच्या सिंदी मेघेतल्या माझ्या घरी आजही संत्री आली की पहिल्या हाताला मी "लाभ" म्हणतो, आणि नातवंडं आजोबांच्या डोक्याविषयी तोच प्रश्न विचारतात. माझ्याजवळ उरलंय ते एवढंच, आणि मोठ्या सरांचं ते एक वाक्य. शेवटची फोड संपवून, हात पुसून त्यांनी टेबलावरची संत्री बोटाने मोजली होती.

"एक मी खाल्लं. चार राहिली. म्हणजे एकशे एक्कावन्न," ते म्हणाले. "तरी तुम्हीच जिंकलात. उद्या वर्गात पहिला तास माझा."