तंबूंची साइट आणि ताईचे दीर

घराची जादा किल्ली तुम्हीही शेजाऱ्याकडे ठेवली असेल. पण तिनं कुलूप उघडतं का, हे कधी लावून पाहिलंय? आमच्या ताईचे दीर दर महिन्याला पाहतात. त्यांच्याइतका संशयी माणूस अख्ख्या मावळात सापडायचा नाही. राहतात वराळ्याच्या नव्या सोसायटीत. पुण्यातल्या एका कंपनीत वेबसाइट लोकांसाठी खुली करण्याआधी ती सगळ्या बाजूंनी तपासायची, हे त्यांचं काम. आणि ते संध्याकाळी ऑफिसातच ठेवून येणं त्यांना जमत नाही. लोहगड चढण्याआधी ते उतरायच्या वाटेची चौकशी करतात. "वर जाणं कुणालाही जमतं. बिघडलं तर परत कसं यायचं, ते सांगा," हे त्यांचं म्हणणं. स्वतःच्या लग्नात त्यांनी गुरुजींना विचारलं होतं, "मंगलाष्टकं आदल्या दिवशी एकदा म्हणून बघायची का?" गुरुजी दचकून म्हणाले, "अहो, मग लग्न आदल्या दिवशीच लागेल!" त्यावर हे गंभीरपणे म्हणाले, "मग अंतरपाटापलीकडे नवरीऐवजी सुटकेस उभी करू."

पवनानगरला धरणाकाठी तंबू लावून पर्यटकांची सोय करणारी काही शेतकरी कुटुंबं आहेत. जमीन त्यांची, चूल त्यांची, राबणं त्यांचं. आणि कुठल्या शनिवारी कुणाचे तंबू भरायचे, हे ठरवणार लांब बसलेला एजंट! मी याविरुद्ध पत्रकं वाटली. ताईच्या दिरांनी पत्रक वाचून घडी घातली आणि या कुटुंबांसाठी बुकिंगची साइट फुकट बांधायला घेतली. दर रविवारी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून ते तिकडे जायचे आणि तिथल्या तंबूवाल्या मावशींच्या हातात फोन द्यायचे.

"मावशी, काहीतरी चुकीचं दाबा."

"आवो, चुकीचं कशाला दाबू? मला काय येड लागलंय व्हय?"

"आज लागलंय असं समजा."

मावशींनी पुढच्या शनिवारऐवजी मागच्या शनिवारचा तंबू मागितला आणि साइटनं तो खुशाल देऊन टाकला. दुसरा कुणी ओशाळला असता. यांनी समोरच्या दुकानातून जिलबी आणून वाटली. "लय न्यारा मानूस," मावशी माझ्या कानाशी म्हणाल्या, "ह्येचं बिघडलं की ह्यो हासतो."

थंडी सुरू झाली, तंबूंचा हंगाम आला, आणि एका पुढाऱ्यानं उद्घाटनाची तारीख जाहीर केली. ताईचे दीर म्हणाले, "अजून नाही." शेवटचा उरलेला तंबू दोघांनी एकाच क्षणी मागितला, तर साइट तो दोघांनाही देत होती. पुढारी हसले. "अहो साहेब, एकाच क्षणी कोण मागतंय? बटण दाबू, टाळ्या वाजवू, दुरुस्त्या काय होत राहतील." मांडवाचं सांगून झालं होतं ना! पुढाऱ्यांनी कुटुंबांच्या नावानं साइटचा पासवर्ड मागितला. मी ओरडले, "दादा, देऊ नका!" ते म्हणाले, "साइट त्या कुटुंबांची आहे. मी अडवून धरली, तर माझ्यात आणि एजंटात फरक काय?" आणि दिला.

उद्घाटनानंतरच्या पहिल्याच शनिवारी मावशींच्या एका तंबूसमोर दोन कुटुंबं सामान घेऊन उभी राहिली. मावशींनी एका कुटुंबाला स्वतःची खोली दिली, तरी बोलणी खाल्लीच. आणि पुढारी? "इंजिनियरनं मालच खराब दिला!" हार गळ्यात घालून घेताना साइट यांची होती, बिघडल्याबरोबर ती इंजिनियरची झाली! ज्यानं थांबा म्हटलं त्यालाच दोष, आणि ज्यानं ढकललं तो पुढच्या उद्घाटनाला मोकळा. हा कुठला न्याय? ताईच्या दिरांनी मात्र साइट बंद करून तिच्यावर एवढंच लिहिलं, "चूक आमची आहे." मी तणतणत त्यांच्या घरी गेले.

"आमची म्हणजे कुणाची? नाव लिहा त्यांचं!"

"ती माणसं उघड्यावर उभी राहिली होती. त्यांना आता आपलं भांडण वाचायला लावायचं का?"

माझा राग अजून गेलेला नाही. जाऊही नये.

आता ती चूक दुरुस्त झालीय, पण बाकीची कुटुंबं एजंटाकडे परत गेली. मावशी गेल्या नाहीत. "माझा तंबू हाय, कुनाला द्यायचा त्ये मी ठरीवनार," म्हणतात, आणि त्यांचे तंबू शनिवारीही रिकामे राहतात. परवाच्या रविवारी मी पाहिलं, मावशी आणि ताईचे दीर ओट्यावर समोरासमोर दोन फोन घेऊन बसले होते. "एक, दोन, तीन!" दोघांनी एकदम दाबलं. तंबू दिरांना मिळाला. मावशींना ‘भरला आहे’ असं उत्तर आलं, तर त्यांनी फोन उंच धरून सगळ्या आळीला दाखवला. ताईचे दीर हसले, मग हळूच म्हणाले, "दोघांवर भागत नाही. पुष्कळ माणसं हवीत." या माणसानं कुणाकडे काही मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

म्हणून हे मी तुमच्याकडे मागते. मावशींचा एक तंबू चाचणीसाठी साइटवर खुला ठेवलाय. येत्या रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला तुम्ही सगळ्यांनी तो एकदम मागा. तुमच्यातल्या एकालाच तो मिळायला हवा. ज्यांना नकार येईल, त्यांनी तो आला एवढं साइटवरच खाली लिहून ताईच्या दिरांना कळवा.